किरिलेंकोचा खेळ २००६ नंतर खरंच उतरला का?

नवखा_प्रेक्षक
रशियन बास्केटबॉलपटू आंद्रेई किरिलेंकोचे आकडे चाळतोय. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये युटा जॅझकडून २००५-०६ मध्ये सामन्यामागे १५.३ गुण, पुढच्याच हंगामात ८.३. वय अवघं पंचवीस. नेमकं काय बिनसलं? आणि २०१३ मध्ये मिनेसोटा संघाचे सुमारे १ कोटी डॉलर सोडून तो ब्रुकलिन संघाकडे सुमारे ३२ लाखांवर का गेला?

रिंगखालचा
खेळ उतरला नाही, जागा बदलली. आधीची दोन वर्षं संघातला पॉवर फॉरवर्ड (रिंगजवळ खेळणारा) कार्लोस बूझर बराच काळ जायबंदी होता, त्यामुळे किरिलेंकोला त्या जागी रिंगजवळ खेळायला मिळायचं. २००६-०७ मध्ये बूझर तंदुरुस्त झाला, रिंगजवळ मेहमेट ओकुर होताच, मग याला स्मॉल फॉरवर्डला, म्हणजे रिंगपासून लांबच्या जागी, सरकवलं. तिथे लांबून चांगला नेम हवा असतो, आणि याचा तीन गुणांचा नेम कारकिर्दीत ३१ टक्क्यांच्या आसपास. बचावपटू त्याला मोकळं सोडून आत गर्दी करायचे. म्हणजे चेंडूही कमी आणि कापत आत घुसायला वाटही नाही.

बचावातही तेच. त्याचे बहुतेक ब्लॉक (रिंगकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवणं) स्वतःच्या माणसावरचे नसायचे, दुसऱ्या बाजूने मदतीला धावून घेतलेले असायचे. ज्याला राखायचंय तो एनबीएच्या तीन गुणांच्या ७.२४ मीटरच्या रेषेबाहेर उभा असेल, तर तिथून रिंगपर्यंत पोचायला अर्धा सेकंद उशीर होतो, आणि अर्ध्या सेकंदात लेअप (रिंगपाशी जाऊन टाकलेला चेंडू) पडलेला असतो.

चोवीस_सेकंद
यात एक भर. त्याच २००७ मध्ये, सप्टेंबरात, रशियाने माद्रिदमध्ये स्पेनला ६०-५९ हरवून युरोबास्केट जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला किरिलेंकोच. अशा स्पर्धा घेणाऱ्या फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत बचावपटूला एनबीएसारखी ‘तीन सेकंदां’ची मर्यादा नाही, म्हणजे कुणाला राखत नसला तरी तो रिंगखाली उभा राहू शकतो. तेव्हा फिबाची तीन गुणांची रेषाही ६.२५ मीटरवर होती. एक मीटर कमी धावायचं! अशा खेळाडूला आणखी काय हवं?

गुणांच्या रकान्यावरून त्याला मोजू नका. ३ जानेवारी २००६, लेकर्सविरुद्ध: १४ गुण, ८ रिबाउंड (हुकलेला चेंडू ताब्यात घेणं), ९ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), ६ स्टील (चेंडू हिसकावणं), ७ ब्लॉक. पाचही रकान्यांत पाच किंवा जास्त, यालाच ‘फाइव्ह बाय फाइव्ह’ म्हणतात. त्याने हे तीनदा केलं. यात अडतं ते स्टील आणि ब्लॉकपाशी: स्टीलसाठी पासच्या वाटेत हात घालायला बाहेर यावं लागतं, ब्लॉकसाठी आत थांबावं लागतं. एकाच सामन्यात दोन्ही जमणारे विरळा.

कॅप_आणि_कर
पैशांचं बघू. मिनेसोटाकडचं दुसरं वर्ष घ्यायचं की नाही, हे त्याच्याच हातात होतं. लांब मुदतीचा करार मिळेल या हिशेबाने त्याने ते नाकारलं, पण बाजारात तशी ऑफर आली नाही. ब्रुकलिनचा पगारखर्च तर लक्झरी टॅक्सच्या (जादा पगारखर्चावरचा दंडवजा कर) रेषेच्या बरंच वर. तेव्हा अशा संघाला बाहेरच्या खेळाडूसाठी, किमान पगाराचे करार सोडले तर, फक्त छोटी मिड-लेव्हल सवलत (मर्यादा ओलांडूनही ठरावीक रकमेत खेळाडू घेण्याची मुभा) वापरता यायची, म्हणून आकडा तेवढ्यावर अडला. ब्रुकलिनचा तेव्हाचा मालक मिखाइल प्रोखोरोव्ह, पूर्वी सीएसकेए मॉस्को या रशियन क्लबशी संबंधित, आणि किरिलेंको तिथलाच जुना खेळाडू; त्यामुळे पडद्याआड काही देवाणघेवाण झाली का, अशी कुजबुज इतर संघांत झाली. माझ्या मते करारनाकारणीचा डाव फसला, एवढंच.

रिंगखालचा
जुने सामने बघणार असाल तर चेंडू बघू नका. ४७ नंबरची जर्सी शोधा आणि कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने कुणी रिंगकडे घुसलं की याचं पहिलं पाऊल कधी पडतं ते बघा.