मदत हवी आहे: छोट्या बॉयलरला पाणी कुठलं घालावं?

नमस्कार मंडळी. साडेतीन इंची गेजचं (म्हणजे रुळांमधलं अंतर तेवढं) वाफेचं मॉडेल रेल्वे इंजिन आहे. बॉयलर तांब्याचा, जोड सिल्व्हर ब्रेझिंगचे, फिटिंग पितळ आणि गनमेटलची.

नाशिकात आमच्या पाथर्डी फाट्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की बादलीलाही पांढरा थर धरतो, त्यामुळे ते बादच. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने हलकं, तरी गेज ग्लासच्या (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी) खालच्या नटापाशी पांढरी कड दिसायला लागली आहे. तिथल्या बारीक भोकात क्षार बसले तर काचेत पाणी दिसेल आणि आत बॉयलर कोरडा! खरी भीती तीच.

बॅटरीवाल्याकडचं पाणी स्वस्त, पण ते बहुधा डीआयोनाइज्ड, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेलं. पितळातलं जस्त ओढून घेतं म्हणतात. तुमचा अनुभव काय? पावसाचं पाणी गाळून साठवणारे कोणी आहेत का? क्षार घट्ट बसू नयेत म्हणून पाण्यात टॅनिन घालत असाल तर लिटरमागे किती, आणि जास्त झालं तर फेस येऊन पाणी सिलिंडरमध्ये जातं का?

बसलेला थर काढायला सायट्रिक ॲसिड किती पातळ करता, किती वेळ ठेवता? व्हिनेगर नको, घरचे आधीच वैतागलेत.