मदत हवी आहे: फळमाशीच्या अळीचं नेमकं वय कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. फळमाशीची अळी कोषात जायच्या आधी एक्डायसोन हे संप्रेरक वाढतं, ई७४ आणि ई७५ जनुकं चालू होतात आणि लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर, ही जनुकं चालू असतात तिथे, फुगवटे दिसतात. या जनुकांचीच प्रथिनं मग त्या जनुकांना बंद करून पुढची जनुकं जागी करतात. केवढं देखणं घड्याळ! पण माझ्या स्लाइडवर गुणसूत्रांचे पट्टे स्वच्छ, फुगवटे मात्र नाहीत. बाटलीच्या काचेवर चढलेल्याच, म्हणजे कोषात जायच्या बेतातल्या अळ्या घेतल्या होत्या. २५ अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत साधारण १० दिवस, १८ अंशांना जवळपास दुप्पट. इथल्या थंडीत तास मोजून भागत नाही. खाद्यात ब्रोमोफिनॉल ब्लू हा रंग घालून अळीच्या आतड्यातला निळा रंग ओसरताना पाहायचा आणि त्यावरून वय ओळखायचं, असं सर म्हणाले. कुणी केलंय का? अळी रंग पुसट झाल्यावर घ्यावी की पूर्ण गेल्यावर?