नेडर यांनी खरोखरच गोर यांची मते खाल्ली का?

एडिसनकर:
मी २००४ साली न्यू जर्सीत आलो, त्यामुळे २००० ची अध्यक्षीय निवडणूक मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरीही चार मराठी घरे जेवायला जमली की तोच वाद आजही निघतो. डेमोक्रॅटिक पक्षाचे समर्थक म्हणतात की ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर उभे नसते तर त्यांचे अल गोर अध्यक्ष झाले असते आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांची करकपात टळली असती. त्यावर रिपब्लिकन समर्थक म्हणतात की वाहिन्या गोर यांच्याच बाजूच्या होत्या आणि त्यांनी फ्लोरिडाचा निकाल मतदान संपण्यापूर्वीच जाहीर केला. गेल्या शनिवारी दोन जुने मित्र याच कारणावरून एकमेकांशी न बोलता उठून गेले, याचे मला मनापासून वाईट वाटले. या दाव्यांपैकी पुराव्यावर काय टिकते?

जुना मतमोजक:
आकड्यांपासून सुरुवात करतो. येथे अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर नव्हे, तर राज्ये जिंकून मिळणाऱ्या प्रतिनिधी-मतांवर ठरतो. फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि नेडर यांना तेथे ९७,४८८ मते मिळाली. न्यू हॅम्पशायरमध्ये फरक ७,२११ मतांचा होता आणि नेडर यांची मते २२ हजारांवर होती. ते एक राज्य मिळाले असते तरी गोर यांना फ्लोरिडाची गरज उरली नसती. एक्झिट पोलमध्ये नेडर यांच्या मतदारांपैकी बऱ्याच जणांनी, आपण अन्यथा मतदानच केले नसते, असे सांगितले होते. उरलेल्यांत मात्र गोर यांच्याकडे झुकणारे स्पष्टपणे अधिक होते. ५३७ चा फरक भरून निघायला तेवढे पुरेसे होते, असे माझे मत आहे.

पण एवढ्या निसटत्या फरकाला कारणे अनेक असतात. पाम बीच परगण्यात मतपत्रिकेची मांडणी अशी गोंधळाची होती की रिफॉर्म पक्षाचे उमेदवार पॅट ब्युकॅनन यांना तेथे ३,४०७ मते पडली, आणि ती सगळी आपली नसावीत असे खुद्द त्यांनीच मान्य केले. गोर यांना स्वतःचे टेनेसी राज्यही राखता आले नाही. आणि ज्याने विचारपूर्वक नेडर यांना मत दिले, त्याचे मत मुळात गोर यांच्या मालकीचे होते असे कोणत्या आधारावर म्हणायचे? ५ टक्के मते मिळाली तर पुढच्या निवडणुकीत पक्षाला सरकारी निधी मिळेल, हा नेडर यांचा उघड हेतू होता. प्रत्यक्षात त्यांना देशभरात पावणेतीन टक्केही मते पडली नाहीत.

रात्रपाळी:
मी तेव्हा येथेच होतो आणि ती रात्र मी दूरचित्रवाणीसमोर जागून काढली, म्हणून वाहिन्यांबद्दल लिहितो. फ्लोरिडाचा पश्चिमेकडील पट्टा वेगळ्या वेळेनुसार चालतो, त्यामुळे तेथील केंद्रे तासभर उशिरा बंद होतात. ती बंद होण्याच्या सुमारे १० मिनिटे आधी वाहिन्यांनी राज्य गोर यांना देऊन टाकले. ही चूक खरी आहे आणि रिपब्लिकनांचा राग मला समजतो. मात्र पहाटे दोनच्या सुमारास फॉक्स न्यूजने बुश जिंकल्याचे जाहीर केले, काही मिनिटांत इतरांनी तेच केले, आणि पुढे दोन तासांत सगळ्यांनाच ते मागे घ्यावे लागले. फॉक्सच्या निकाल विभागाचे प्रमुख जॉन एलिस हे बुश यांचे आतेभाऊ होते.

या सर्व वाहिन्या एकाच संस्थेची आकडेवारी वापरत होत्या, त्यामुळे दोन्ही चुकांत मला पक्षपातापेक्षा घाई अधिक दिसते. परिणाम मात्र सारखा नव्हता. पहाटेच्या घोषणेमुळे गोर यांनी बुश यांना दूरध्वनी करून अभिनंदन केले आणि नंतर ते मागे घेतले. पुढचे पाच आठवडे, फेरमोजणी थांबवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबरच्या निकालापर्यंत, ते हरलेला निकाल न मानणारे उमेदवार म्हणून लोकांसमोर उभे राहिले.

हिशेबनीस:
करकपातीबद्दल. दोन्ही पक्ष सारखेच आहेत, हे नेडर यांच्या प्रचाराचे मुख्य सूत्र होते आणि मला ते तेव्हाही पटले नव्हते. २००० साली अमेरिकेच्या अंदाजपत्रकात सुमारे २३६ अब्ज डॉलर शिल्लक होती. हा पैसा लोकांचा आहे, तो त्यांना परत द्या, असे बुश म्हणत होते. सामाजिक सुरक्षा योजनेचा पैसा कुलूपबंद ठेवा आणि करसवलत ठरावीक कारणांपुरती द्या, असे गोर म्हणत होते. जून २००१ मध्ये बुश यांनी १० वर्षांत १.३५ लाख कोटी डॉलरच्या कपातीवर सही केली आणि त्या वर्षी आमच्याही घरी ६०० डॉलरचा धनादेश आला. सर्वोच्च प्राप्तिकराचा दर ३९.६ वरून टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांवर आला. २००२ मध्ये शिल्लक संपून तूट आली. त्यात मंदीचा आणि ११ सप्टेंबरनंतरच्या खर्चाचाही वाटा होता, हे रिपब्लिकन मित्रांचे म्हणणे बरोबर आहे.

एडिसनकर:
सर्वांचे आभार. मग १९९२ चे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी आपली मते खाल्ली आणि क्लिंटन जिंकले, अशी रिपब्लिकन पक्षाची तक्रार असते, तिचे काय?

जुना मतमोजक:
ती मला कमकुवत वाटते. १९९२ मध्ये पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली, पण एक्झिट पोलनुसार त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती थोरले बुश (२००० च्या बुश यांचे वडील) आणि क्लिंटन यांच्यात साधारण समान वाटलेली होती. दुसरी पसंती अशी अंदाजाने शोधावी लागू नये, म्हणून मेन राज्याने ती मतपत्रिकेवरच विचारायला सुरुवात केली. २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत तेथील दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या मोजणीत रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पुढे होते. दोन अपक्षांच्या मतदारांची पुढची पसंती मोजल्यावर डेमोक्रॅट जेरेड गोल्डन निवडून आले.