विषय: बर्मिंगहॅमहून लंडन, एका दिवसाची ट्रिप – कोणतं तिकीट घ्यावं?

सगळ्यांना नमस्कार,

येत्या महिन्यात एका शनिवारी बर्मिंगहॅमहून डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचं आहे. चार मोठे (त्यातले दोघे पुण्याहून आलेले आई-बाबा, दोघंही साठीच्या पुढे) आणि आठ वर्षांची मुलगी. सकाळी निघून रात्री परत. परतीची वेळ मात्र आत्ता सांगता येत नाही. साइटवर एकाच दिवसाची सात-आठ प्रकारची तिकिटं दिसतात. रेलकार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) काढावं का? आणि पुढे ट्यूबचं (लंडनच्या मेट्रोचं) काय?

– एक सभासद, हार्बोर्न

---

नमस्कार ताई,

परतीची वेळ ठरलेली नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण निवड त्यावरूनच होते. ॲडव्हान्स तिकीट ज्या गाडीचं काढलं त्याच एका गाडीला चालतं. कार्यक्रम लांबला आणि गाडी चुकली, तर ते तिकीट वाया गेलं आणि नवं तिकीट ऐनवेळच्या भावाने घ्यावं लागतं, तेही पाच जणांचं. म्हणून जाताना ॲडव्हान्स घेतलंत तरी येताना ऑफ-पीकच (गर्दीची वेळ सोडून कोणत्याही गाडीला चालणारं) घ्या. मात्र आधी किंमत ताडून पाहा: ऑफ-पीकचं जाऊन-येऊन तिकीट कित्येकदा नुसत्या एका बाजूच्या तिकिटापेक्षा थोडंसंच महाग असतं. मग जातानाचं ॲडव्हान्स वेगळं घेण्यात काहीच हशील नाही.

आता रेल्वे कंपनी. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून अवंती सव्वा ते दीड तासात लंडनच्या युस्टन स्टेशनला सोडते. लंडन नॉर्थवेस्टर्न त्याच रुळांवरून दोन तासांहून जास्त घेते. बर्मिंगहॅमच्याच मूर स्ट्रीटहून चिल्टर्न साधारण पावणेदोन-दोन तासांत लंडनच्या मेरिलबोनला पोचते. स्वस्त तिकिटावर 'रूट' या शब्दापुढे बारीक अक्षरात एक ओळ असते, 'चिल्टर्न ओन्ली' किंवा 'एलएनआर (म्हणजे लंडन नॉर्थवेस्टर्न) ओन्ली' अशा अर्थाची. सगळी गडबड या ओळीत होते. नॉर्थवेस्टर्नचं तिकीट हातात घेऊन लोक युस्टनच्या बोर्डावर बर्मिंगहॅमची पहिली गाडी बघतात, ती अवंतीची निघते, आणि घाईघाईत चढतात. ते तिकीट त्या गाडीत चालत नाही. इंग्लंडमध्ये पेनल्टी फेअर (योग्य तिकीट नसल्याचा दंड) १०० पौंड अधिक एका बाजूचं भाडं आहे (२१ दिवसांत भरलं तर १०० चे ५०). म्हणून ती ओळ घरूनच सगळ्यांना वाचून दाखवा.

रेलकार्डाचा हिशोब आकड्यांत मांडते. समजा मोठ्या माणसाचं जाऊन-येऊन तिकीट ४८ पौंड (आकडा फक्त उदाहरणासाठी). चौघांचे १९२ आणि मुलीचे अर्धे २४, एकूण २१६.

फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड ३५ पौंडांना मिळतं. त्यावर चार मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना त्यांच्या भाड्यावर ६० टक्के सूट. म्हणजे १२८ अधिक ९.६०, एकूण १३७.६०. कार्डाचे ३५ धरून पहिली ट्रिप १७२.६० ला पडते.

ग्रुपसेव्ह ही सवलत मात्र फुकट आहे. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असतील तर ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट. चौघांचे १२८ अधिक मुलीचे २४, म्हणजे १५२. तिकीट काढताना रेलकार्डाच्या यादीत 'ग्रुपसेव्ह' निवडायचं, बस. चिल्टर्न आणि नॉर्थवेस्टर्न दोन्हीकडे चालतं.

म्हणजे एकाच ट्रिपसाठी ग्रुपसेव्ह घ्या. दोन ट्रिपांनाही ते सहा पौंडांनी स्वस्तच पडतं, तिसऱ्या ट्रिपपासून रेलकार्ड पुढे जातं. दोन मुलं असती तर दुसऱ्याच ट्रिपला रेलकार्ड पुढे गेलं असतं. पण ॲडव्हान्स तिकिटावर ग्रुपसेव्हची सूट मिळत नाही, रेलकार्डाची मिळते. आणि दोन्हीत सगळ्यांनी एकत्रच प्रवास करायचा असतो. बाबा मधेच एकटे लवकर निघाले तर त्यांचं तिकीट वेगळं काढावं लागेल.

शनिवार असल्यामुळे सकाळच्या गाड्यांनाही ऑफ-पीक चालेल. कामाच्या दिवशी जाणार असाल तर तिकिटावरचा दोन अक्षरी निर्बंध-कोड नॅशनल रेलच्या साइटवर उघडून पाहा. संध्याकाळच्या गर्दीच्या कोणत्या गाड्या बंद आहेत ते तिथे मिनिटासकट लिहिलेलं असतं.

तिकीट रेल्वे कंपनीच्याच साइटवर काढा. कोणत्याही कंपनीच्या साइटवर दुसऱ्या कंपनीचंही तिकीट मिळतं आणि बुकिंग फी लागत नाही. काही ॲप ती लावतात.

– सॉलिहल

---

वरच्या मेलला जोडून ट्यूबबद्दल.

'लंडन टर्मिनल्स' असं छापलेलं तिकीट युस्टन किंवा मेरिलबोनपर्यंतच. ट्यूबचं भाडं त्यात नाही. ट्रॅव्हलकार्ड (लंडनमधला दिवसभराचा पास) जोडून घेऊ नका. जाऊन-येऊन दोनच फेऱ्या आहेत, तेवढ्यासाठी टॅप करणं (गेटवर बँकेचं कार्ड टेकवणं) स्वस्त. डॉलिस हिल भाड्याच्या झोन ३ मध्ये येतं.

आठ वर्षांच्या मुलीला ट्यूबमध्ये तिकीट लागत नाही. पाच ते दहा वर्षांची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट, एकामागे चार मुलांपर्यंत. तिच्यासाठी रुंद गेट वापरा. मूल ११ ते १५ चं असेल तर कॉन्टॅक्टलेसवर पूर्ण भाडं कापलं जातं, म्हणून मुलाला बरोबर नेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ऑयस्टरवर (लंडनच्या प्रवासाच्या कार्डावर) 'यंग व्हिजिटर' सवलत लावून घ्यायची. ती १४ दिवस चालते.

मोठ्या प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं. एका कार्डावर दोघं जात नाहीत. आत जाताना फोन आणि बाहेर येताना त्याच खात्याचं प्लास्टिक कार्ड लावलं, तर मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. दोन्हींवर कमाल भाडं बसतं.

आई-बाबांकडे भारतातलं कार्ड असेल तर रूपे चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. पण बँकेच्या ॲपमध्ये 'इंटरनॅशनल' आणि 'कॉन्टॅक्टलेस' अशी दोन वेगळी बटणं असतात, ती दोन्ही चालू हवीत. ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो, म्हणून हे काम घरी वायफायवर बसून, आदल्या आठवड्यात करा. गेटपाशी उभं राहून होत नाही.

युस्टनहून जाणार असाल तर पाच मिनिटं चालत युस्टन स्क्वेअर. तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोड. तिथे उतरून समोरच्याच कडेला ज्युबिली लागते, जिना चढायचा नाही. चौथं स्टेशन डॉलिस हिल. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना हीच वाट सांगा. मेरिलबोनला उतरलात तर बेकर स्ट्रीटपर्यंत दहा मिनिटं चालून थेट ज्युबिली पकडा. एका स्टेशनासाठी बेकरलूमध्ये चढणं-उतरणं नको.

– कॉव्हेंट्री

---

खूप आभार. सीनियर रेलकार्डाचं (ज्येष्ठांच्या कार्डाचं) राहिलं. आणि तिकीट तोडून घेतलं तर स्वस्त पडतं म्हणतात, ते नियमात बसतं का?

– हार्बोर्न

---

बसतं. बर्मिंगहॅम ते रग्बी (वाटेतलं स्टेशन) आणि रग्बी ते लंडन अशी दोन तिकिटं एकाच गाडीत चालतात, अट एकच: ती गाडी रग्बीला थांबली पाहिजे. उतरायची गरज नाही. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघून थांबे बदलतात, म्हणून गुरुवार-शुक्रवारी वेळापत्रक पुन्हा पाहा. पाच जणांची तोडलेली तिकिटं म्हणजे जाऊन-येऊन वीस तिकिटं. आठ-दहा पौंड वाचत असतील तर नका त्या भानगडीत पडू.

सीनियर कार्डाला इथलं नागरिकत्व लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट घेऊन स्टेशनच्या खिडकीवर काढता येतं. पण एका तिकिटावर दोन सवलती लागत नाहीत, म्हणून या ट्रिपला त्याचा उपयोग नाही. आई-बाबा नंतर दोघंच हिंडणार असतील तर जरूर काढा आणि ट्यूब स्टेशनवर ते ऑयस्टरला जोडून घ्या. ऑफ-पीक भाड्यात तिथेही एक तृतीयांश सुटतात.

पाचही तिकिटांचे क्यूआर कोड एकाच फोनवर असतील तर आदल्या रात्री त्यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. परतीच्या वेळी फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर आलेली असते.

– सॉलिहल