मदत हवी आहे: स्लॅबला दुसऱ्याच दिवशी भेगा

पाचगावकर: काल स्लॅब टाकला, आज सकाळी वर चढलो तर भेगाच भेगा. गवंडी म्हणतोय, सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, फिरवतो, होतंय. आयुष्याची पुंजी घातलीय यात, जीव थाऱ्यावर नाही. फोडावा लागेल का? तो दुपारी येणार आहे, लवकर सांगा.

खडीकच: सिमेंट कुठलं? जाडी किती? पाणी कधी मारलं? काहीच लिहिलं नाहीस भावा.

पाचगावकर: पाच इंची. सिमेंट चांगल्या कंपनीचं.

खडीकच: कंपनी नको. ५३ ग्रेड, म्हणजे साधं, की पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं?

पाचगावकर: पोत्यावर पीपीसी आहे.

उचगाव_५३: तिथंच चुकलं! राखेचं सिमेंट प्लास्टरला ठीक. माझा स्लॅब ५३ चा, सहा वर्षांत एक भेग नाही.

जुना_साइट_इंजिनिअर: असं घाबरवू नका. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे ती राख, असते. ताकद सावकाश चढते, पण उष्णता कमी निघते. ५३ जास्त तापतं, तेही उन्हात उघडं टाकलं तर तडकतंच. पाचगावकर, भेगा सळईच्या रेषेत आहेत की कशाही?

उचगाव_५३: सहा वर्षांचा अनुभव सांगतोय, पुस्तक नाही.

शिरोळचा_पाटील: जोता किती उंच घेतलाय? २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं होतं. जोत्यात काटकसर करू नका.

पाचगावकर: दादा, प्रश्न भेगांचा आहे. कशाही आहेत, हातभर लांब, केसाएवढ्या. दुपारी दोनला काम संपलं, वारा लय होता. पाणी आज सकाळी मारलं.

जुना_साइट_इंजिनिअर: हे आधी लिहायचं! ऊनवाऱ्यानं वरचा थर ओला असतानाच सुकला, त्याच्या या भेगा दिसतात. काल संध्याकाळीच ओली पोती अंथरायला हवी होती. आज स्लरी नको, पापुद्रा होऊन सुटेल. कडेनं आळी बांधून पाणी उभं करा आणि खाली सेंट्रिंगच्या फळ्यांच्या सांध्यातून थेंब पडतो का बघा, म्हणजे भेग आरपार आहे का ते कळेल. मिक्सरमध्ये पाणी किती घातलं?

पाचगावकर: डोळ्यांच्या अंदाजानं.

जुना_साइट_इंजिनिअर: एका पोत्याला, वाळूतला ओलावा धरून, २७ लिटरच्या वर जायला नको. पुढच्या कामाला मापाची बादली ठेवा.

पाचगावकर: आळी बांधली. दोन तास झाले, खाली कोरडं आहे. गवंड्याला नको म्हणालो. टेकू सातव्या दिवशी काढतो म्हणतोय, गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १२ फुटी आहे.

जुना_साइट_इंजिनिअर: सात दिवस साध्या सिमेंटला. पीपीसीला चौदा थांबा, पाणी किमान दहा दिवस. थेंब दिसला तर टेकूला हात न लावता डिझाइनवाल्याला साइटवर बोलवा.