पालक खाऊनही हिमोग्लोबिन कमी? चहा कधी पिता ते बघा
वर विचारलंय ना, रोज पालक खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही, तर अहो खाल्लेलं सगळं अंगी लागतंच असं नाही. हिमोग्लोबिन बनायला लागणारं लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, भाजीतलं तर मुळातच कमी, त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की चहातली टॅनिन्स त्याला धरून ठेवतात आणि बरंचसं तसंच पुढे निघून जातं. आमच्या आईचं हेच व्हायचं, नौपाड्यातल्या घरी ताट उचललं की गॅसवर आधण! आता चहा दीड तासाने, आणि वरणभातावर लिंबाची फोड पिळतेच, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषणं सोपं होतं. पण एकदा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा किती ते रक्तातून सांगणारी तपासणी) तपासून घ्याच प्लीज, अंगावर काढू नका.