प्रतिसाद: नुसतं सोबत चालणं नव्हे

‘स्वयंसेवकाला काय, खेळाडूला डोपिंग चाचणीच्या (बंदी असलेली उत्तेजकं घेतलीत का, ते तपासणाऱ्या) खोलीपर्यंत नेऊन सोडायचं, अर्ध्या तासात शिकवून होतं,’ हे वरचं म्हणणं पटलं नाही. चाचणीसाठी निवड झाल्याचं खेळाडूला सांगितल्या क्षणापासून तो नजरेआड होता कामा नये. पदक घ्यायला, पत्रकारांशी बोलायला, उपचाराला तो जाऊ शकतो, पण शॅपरोन, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारा हा स्वयंसेवक, मागे हवाच. कुस्तीच्या एका स्पर्धेत मी हे काम केलंय. पैलवानापेक्षा त्याचे वस्ताद आणि खांद्यावर घ्यायला धावणारे गाववाले आवरणं अवघड!

इथे कुणी पाण्याचा विषय काढलेला नाही. आपला स्वयंसेवक मायेने बाटली उघडून हातात देतो. ते चालत नाही. सीलबंद बाटल्यांतून खेळाडूने स्वतः निवडायची, स्वतःच उघडायची. नाहीतर उद्या ‘पाण्यात काहीतरी होतं’ म्हणायला जागा राहते. शिवाय लघवी किमान 90 मिली लागते. वजन उतरवून आलेल्या मल्लाला ती होता होत नाही, आणि भसाभस पाणी प्यायला की नमुना पातळ ठरून पुन्हा द्यावा लागतो. मग बसा रात्री उशिरापर्यंत. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात हेही सांगा, म्हणजे शेवटच्या बसच्या भरवशावर कुणी येणार नाही.